व्यायच्या आधी महिनाभर कॅल्शियम पाजूनही गाय का बसते?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. निफाडजवळ गोठा, एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाय, चौथं वेत. व्यायच्या आधी महिनाभर रोज १०० मिली पातळ कॅल्शियम पाजलं. तरी व्याल्यानंतर रात्रीतच गाय बसली, मान कुशीकडे वळवलेली, कान गार, नाकपुडी कोरडी. डॉक्टरांनी शिरेतून बाटली चढवली, गाय उठली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसली. शेजारी म्हणतात कॅल्शियम कमी पडलं, पुढच्या खेपेला दोन महिने आधीपासून पाजा. तुम्ही विचारलंय, की शरीराला एवढी गरज असताना पेशी कॅल्शियम ओढून का घेत नाहीत, आणि त्यांचे पंप चालू-बंद कोण करतं? बी.एस्सी. झालंय असं तुम्ही लिहिलंय, म्हणून पेशीपर्यंत जाऊनच सांगतो. उपायांचं कारण तिथेच सापडतं.

हा दुग्धज्वर, म्हणजे व्यायच्या सुमारास रक्तातलं कॅल्शियम घसरून गाय बसणं. पण तुमच्या गाईच्या अंगात कॅल्शियमचा तुटवडा नव्हता. तिच्या हाडांत काही किलो कॅल्शियम आहे. रक्तात मात्र एका वेळी फक्त अडीच-तीन ग्रॅम फिरत असतं. चिकात लिटरला २ ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जातं, म्हणजे पहिल्या दिवशी १० लिटर चीक निघाला तर २० ग्रॅम गेलं. रक्तातला सगळा साठा दिवसात सात-आठ वेळा नव्याने भरावा लागतो. बँकेत मुदत ठेव मोठी आहे, पण खिशात शंभराची एकच नोट आणि दारात देणेकरी उभे, अशी तिची अवस्था. म्हणून विचारायचा प्रश्न वेगळा आहे: आतड्यातून आणि हाडांतून कॅल्शियम रक्तात आणणारी यंत्रणा व्यायच्या दिवशी तयार होती का? तुमच्या गाईत ती तयार नव्हती, असंच लक्षणांवरून दिसतं.

आता पेशी. रक्तातल्या मोकळ्या कॅल्शियमच्या मानाने पेशीच्या आतलं मोकळं कॅल्शियम साधारण दहा हजार पटींनी कमी असतं. हे अंतर पेशी जिवाच्या आकांताने राखते, कारण आतलं कॅल्शियम किंचित वाढलं की तोच इशारा समजून स्नायू आकुंचन पावतात, ग्रंथी स्राव सोडतात, आणि ते वाढलेलंच राहिलं तर पेशी मरते. त्यामुळे कोणतीही पेशी कॅल्शियमला सरळ आत येऊ देत नाही. आतड्याच्या अस्तरातल्या पेशीचं काम तर आणखी अवघड. तिला एका बाजूने कॅल्शियम घेऊन दुसऱ्या बाजूने रक्तात सोडायचंय, आणि तेही स्वतःच्या आतलं प्रमाण न चढू देता.

हे तीन टप्प्यांत होतं. आतड्याच्या पोकळीकडच्या बाजूला टीआरपीव्ही-६ नावाचा चॅनल असतो, त्यातून कॅल्शियम उताराने आत येतं. आत येताच कॅल्बिंडिन नावाचं प्रथिन त्याला धरून ठेवतं आणि पलीकडच्या बाजूला पोचवतं. तिथे पीएमसीए हा पंप त्याला चढावर रक्तात ढकलतो, दर कॅल्शियम आयनामागे एक एटीपी (पेशीतलं ऊर्जेचं चलन) खर्चून.

यांचं नियंत्रण दोन वेगांनी चालतं, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर या दोन वेगांच्या फरकात आहे.

पहिला वेग सेकंदांचा. चॅनलच्या तोंडाशी आतल्या बाजूला कॅल्शियम साचलं की कॅल्मोड्युलिन हे प्रथिन चॅनलला चिकटून तो बंद करतं. पंपाच्या बाबतीत तेच कॅल्मोड्युलिन उलटं काम करतं. पीएमसीएची स्वतःचीच एक शेपटी त्याच्या कामात आडवी आलेली असते. कॅल्शियम वाढलं की कॅल्मोड्युलिन ती शेपटी पकडून बाजूला करतं आणि पंप जोरात चालतो. म्हणजे एकच प्रथिन आवक रोखतं आणि जावक वाढवतं. पण या नियंत्रणाने पेशी फक्त स्वतःचा जीव सांभाळते. गाईच्या रक्तातलं कॅल्शियम घसरलंय, हे आतड्याच्या पेशीला त्यातून कळत नाही.

दुसरा वेग तासांचा, खरं तर दिवसाचा. पेशीवर मुळात किती चॅनल, किती कॅल्बिंडिन आणि किती पंप असावेत हे जनुकांच्या पातळीवर ठरतं. तो हुकूम देणारं संप्रेरक म्हणजे ड जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप, कॅल्सिट्रायॉल. ते पेशीत शिरून ड जीवनसत्त्वाच्या रिसेप्टरला बसतं, ती जोडी डीएनएवर जाऊन संबंधित जनुकं चालू करते, मग प्रथिनं तयार होतात आणि पेशीच्या पडद्यावर बसतात. आतड्याची शोषणशक्ती नजरेत भरण्याइतकी वाढायला साधारण २४ तास लागतात.

कॅल्सिट्रायॉल कुठून येतं? मानेत थायरॉइडला लागून असलेल्या पॅराथायरॉइड ग्रंथींच्या पेशींवर कॅल्शियम ओळखणारा रिसेप्टर असतो. रक्तात कॅल्शियम पुरेसं असेल तर तो ग्रंथीला गप्प ठेवतो. ते घसरलं की हा दाब सुटतो आणि काही मिनिटांत पॅराथायरॉइड संप्रेरक रक्तात येतं. मूत्रपिंडात ते दोन कामं करतं: लघवीतून जाणारं कॅल्शियम परत घ्यायला लावतं (गाईत याची बचत फार थोडी), आणि ड जीवनसत्त्वाचं कॅल्सिट्रायॉलमध्ये रूपांतर वाढवतं. हाडांत ते हाड बांधणाऱ्या पेशींना संदेश देतं, त्या हाड झिजवणाऱ्या पेशींना जागं करतात, आणि त्या आम्ल सोडून खनिज विरघळवतात. हाडांतून मोठ्या प्रमाणात कॅल्शियम यायला सुमारे ४८ तास लागतात.

इथवरचं जोडून पाहा. ग्रंथी मिनिटांत ओरडते, आतडं एका दिवसाने ऐकतं, हाड दोन दिवसांनी. आणि गाय बसते बहुतेक वेळा व्याल्यानंतर पहिल्या २४ तासांत. म्हणजे यंत्रणा व्यायच्या आधीच अर्धी-अधिक जागी असायला हवी. ती कशामुळे झोपून राहते, एवढंच आता शोधायचं आहे.

माझ्या मते आपल्या भागात पहिलं कारण वैरणीतलं पोटॅशियम. जास्त पोटॅशियमने गाईचं रक्त किंचित अल्कधर्मी होतं. तशा रक्तात पॅराथायरॉइड संप्रेरक भरपूर असलं तरी मूत्रपिंडाच्या आणि हाडांच्या पेशींवरच्या रिसेप्टरला ते नीट बसत नाही. हाक दिली जाते, पण ऐकली जात नाही. १९९७ मध्ये गॉफ आणि हॉर्स्ट या संशोधकांनी जर्सी गाईंवर दाखवलं, की व्यायच्या आधीच्या खाद्यात पोटॅशियम किंवा सोडियम वाढवलं की दुग्धज्वर वाढतो, नुसतं कॅल्शियम वाढवून तसा वाढत नाही. शेजारच्यांचा समज इथेच चुकतो. तुमचं पातळ कॅल्शियम या गोंधळाचं मूळ नाही, पण त्याचा उपयोगही झाला नाही. बाटलीचं लेबल वाचा. अशा टॉनिकांत १०० मिलीत बहुधा मोजकेच ग्रॅम कॅल्शियम असतं, आणि तिच्या रोजच्या वैरणीतून ५०-६० ग्रॅम जातच होतं.

दुसरं कारण मॅग्नेशियम. ग्रंथीतून संप्रेरक सुटायलाही ते लागतं आणि लक्ष्यपेशीत रिसेप्टरपासून पुढे संदेश पोचवणाऱ्या एन्झाइमलाही. वैरणीत पोटॅशियम जास्त असेल तर रुमेनमधून (गाईच्या मोठ्या पोटातून) मॅग्नेशियमचं शोषणही कमी होतं, म्हणजे एका चुकीची दुहेरी शिक्षा. तिसरं कारण वय. तिसऱ्या वेतापासून पुढे आतड्यात ड जीवनसत्त्वाचे रिसेप्टर कमी होतात आणि हाडांची उलाढाल मंदावते. जर्सीत हे रिसेप्टर मुळातच कमी. वयावर इलाज नाही, पहिल्या दोन कारणांवर नक्की आहे.

तुम्ही लिहिलेलं खाद्य घेऊन हिशोब करू. २० किलो हिरवं नेपियर गवत, ८ किलो घास (लसूणघास), ४ किलो ज्वारीचा कडबा, २ किलो सुग्रास (तयार पशुखाद्य). नेपियर आणि घासात २० टक्के कोरडा भाग धरला तर अनुक्रमे ४ आणि १.६ किलो. शेणस्लरी किंवा पोटॅश सढळ हाताने मिळालेल्या रानातल्या अशा वैरणीत कोरड्या भागाच्या ३ टक्क्यांच्या आसपास पोटॅशियम सहज असतं. म्हणजे या दोन चाऱ्यांतूनच रोज १६५ ग्रॅमच्या पुढे. त्यांच्या जागी तेवढ्याच कोरड्या वजनाचा मक्याचा मुरघास, म्हणजे सुमारे १८-१९ किलो, दिला तर त्यात सव्वा टक्क्याच्या आत पोटॅशियम असतं, म्हणजे ६०-७० ग्रॅम. रोजचं जवळजवळ १०० ग्रॅम पोटॅशियम एका बदलाने कमी झालं. हेच १०० ग्रॅम, रक्ताला उलट, आम्लाच्या बाजूला नेणाऱ्या अमोनियम क्लोराइडने तोलायचं म्हटलं तर रोज १४० ग्रॅम लागेल, आणि इतकं कडू खाद्य गाय तोंडातही धरणार नाही. म्हणून आधी वैरण बदला, मग क्षारांचा विचार करा.

वाढ्यांबद्दल (उसाच्या शेंड्यांबद्दल) एक इशारा, कारण उसाच्या पट्ट्यात गाभण गाईपुढे वाढ्यांचे भारे पडतात. त्यांतलं ऑक्झलेट कॅल्शियमला आतड्यात बांधून ठेवतं, ते शोषलंच जात नाही. त्यातून यंत्रणा आधीच जागी होईल असं वाटेल, पण भरवसा ठेवता येत नाही. व्यायच्या आधी कॅल्शियम कमी देऊन यंत्रणा जागी करायची पद्धत चालायला दिवसाला २० ग्रॅमच्याही खाली जावं लागतं, आणि मिश्र वैरणीत ते कुणालाच नीट साधत नाही. मधलं प्रमाण कामाचं नाही.

शेवटचे २१ दिवस पुढीलप्रमाणे करा. हिरवं नेपियर, घास आणि मळी बंद. मुरघास, कडबा आणि पेंड यांवर रेशन उभं करा. मुरघास जास्त झाला तर गाय चरबी धरते आणि व्याल्यावर यकृताचा त्रास होतो, म्हणून कडबा पोटभर ठेवा. खाण्याचा सोडा या काळात अजिबात नको, त्यातलं सोडियमही पोटॅशियमसारखंच वागतं. मीठ अगदी थोडं. मॅग्नेशियम कोरड्या खाद्याच्या ०.३५ ते ०.४ टक्के हवं. ११ किलो कोरडं खाणाऱ्या गाईला सुमारे ४० ग्रॅम. वैरणीतून साधारण निम्मं मिळतं, उरलेल्यासाठी रोज ३० ग्रॅम मॅग्नेशियम ऑक्साइड पुरतं.

एवढ्यावर भागलं नाही तरच ऋणभाराचं क्षारमिश्रण, म्हणजे रक्त आम्लाच्या बाजूला नेणारे क्लोराइड-सल्फेटचे क्षार. मॅगसल्फ (मॅग्नेशियम सल्फेट) १०० ग्रॅम आणि अमोनियम क्लोराइड ५० ग्रॅमपासून सुरुवात करा, सुग्रासात नीट मिसळून, दोन वेळा विभागून, आणि चार-पाच दिवसांत वाढवत न्या. अमोनियम क्लोराइड १०० ग्रॅमच्या पुढे नेऊ नका. युरिया देत असाल तर बंद करा. गाय खाद्य सोडायला लागली तर मिश्रण लगेच कमी करा. ज्या गाईचं खाणं व्यायच्या तोंडावर तुटतं तिला नंतर कीटोसिस (अंगातली चरबी वितळून होणारा आजार) होतो, आणि मग एक रोग टाळताना दुसरा गळ्यात पडतो. पहिलारू कालवडींना हे मिश्रण देऊ नका. त्यांची हाडं वाढीची असतात, उलाढाल चालूच असते, त्यांना गरज क्वचितच पडते.

मिश्रण लागू पडतंय की नाही हे लघवी सांगते. ५ ते ९ पर्यंत मोजणारी पीएच पट्टी आणा. खाद्य दिल्यानंतर तीन-चार तासांनी योनीच्या खालच्या भागावर हाताने हलकं चोळा, गाय लघवी करते. पहिली धार सोडून मधली पट्टीवर घ्या आणि लगेच वाचा. पट्टी शेणाला लागली तर आकडा खोटा. हिरव्या वैरणीवर ८ ते ८.५ येतो. मिश्रण सुरू केल्यावर तीन-चार दिवसांत एचएफला ६.२ ते ६.८ आणि जर्सीला ५.८ ते ६.२ यायला हवा. ७ च्या वर राहिला तर खाद्यात अजून कुठून तरी पोटॅशियम येतंय. ५.५ च्या खाली गेला तर अति झालंय, मिश्रण निम्मं करा. व्यायपर्यंत आठवड्यातून दोनदा तपासा.

आता तुमची गाय उठून पुन्हा का बसली. बाटलीत साधारण ८ ते १० ग्रॅम कॅल्शियम असतं. ते शिरेतून गेलं की रक्तातलं प्रमाण एकदम नेहमीच्याही वर चढतं. पॅराथायरॉइडच्या पेशींवरचा तो रिसेप्टर हे पाहतो आणि ग्रंथी गप्प होते. थायरॉइडमधून कॅल्सिटोनिनही सुटतं, जे हाडांची झीज थांबवतं. काही तासांत बाटलीतलं कॅल्शियम चिकात आणि लघवीत निघून जातं, आणि जी यंत्रणा जागी होत होती तिला मध्येच झोपवलेलं असतं. बाटलीवर उठलेल्या गाईंपैकी साधारण चौथा हिस्सा अशा पुन्हा बसतात. यात डॉक्टरांची चूक नाही. बसलेल्या गाईला शिरेतून कॅल्शियम द्यावंच लागतं, नाहीतर ती मरते. पण उभ्या गाईला, नुसती थरथरते म्हणून, शिरेतून देऊ नये. तिला तोंडावाटे द्यावं.

तोंडावाटे म्हणजे कॅल्शियम क्लोराइडची जेल किंवा बोलस (गिळवायची मोठी गोळी), एका वेळी ४० ते ५० ग्रॅम कॅल्शियम मिळेल इतकी. एवढं दाट कॅल्शियम आतड्यात आलं की ते पेशींच्या फटींतूनही रक्तात झिरपतं, त्याला चॅनल-पंपांची वाट पाहावी लागत नाही. म्हणून ते या दिवशी उपयोगी, आणि म्हणूनच टॉनिकचे दोन-तीन ग्रॅम निरुपयोगी. एक डोस व्याल्याबरोबर, दुसरा १२ ते २४ तासांनी. शिरेतल्या बाटलीनंतर गाय उठली, गिळायला लागली, की त्यानंतरही हेच दोन डोस द्या. पण एक गोष्ट कटाक्षाने पाळा: बसलेल्या, मान टाकलेल्या गाईच्या तोंडात काहीही ओतू नका. गिळणं बंद असतं, ते फुप्फुसात जातं आणि न्यूमोनियाने गाय जाते.

बाटली चढवताना ती कोमट असावी. निफाडच्या थंडीत गोठ्यात पडलेली बाटली गार दगड झालेली असते, कोमट पाण्याच्या बादलीत ठेवून घ्या. वेग मिनिटाला एक ग्रॅमपेक्षा जास्त नको, म्हणजे एका बाटलीला किमान दहा मिनिटं, आणि कानाला स्टेथोस्कोप. ठोके अडखळले किंवा फार मंदावले की धार बंद. हृदयाच्या पेशी कॅल्शियमच्या याच चढउतारावर चालतात; एकदम पूर आला तर ठोका मध्येच थांबू शकतो. हे काम डॉक्टरांनीच करावं. डेक्स्ट्रोज असलेली बाटली कातडीखाली देऊ नये, तिथे गळू होतं. गाय कुशीवर आडवी पडली असेल तर आधी छातीवर बसती करा, पाठीला भुशाची पोती लावा, खाली जाड गवत घाला आणि दर दोन-तीन तासांनी कूस बदला. सिमेंटवर चार-पाच तास एका कुशीवर राहिली तर पायाचे स्नायू आणि नस दबते, मग कॅल्शियम भरूनही ती उठत नाही.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. सगळ्याच बसलेल्या गाई कॅल्शियमच्या नसतात. व्यायला फार त्रास झाला असेल तर मांडीची नस दबलेली असते. तशी गाय शुद्धीत असते, खाते, पण मागचे पाय उचलत नाही. ताप असेल, सड गरम आणि दूध पाण्यासारखं असेल तर कासदाहाचं विष अंगात भिनलेलं असू शकतं, आणि अशा गाईला कॅल्शियमची बाटली जिवावर बेतू शकते. दोन बाटल्यांनी न उठणाऱ्या, पण डोळे टवटवीत असलेल्या गाईत फॉस्फरसही तपासावं. म्हणून बाटलीच्या आधी रक्त काढून ठेवायला सांगा, बाटलीनंतरच्या नमुन्याचा उपयोग नाही. नळी साधी, लाल झाकणाची हवी. जांभळ्या झाकणाच्या नळीतलं ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) कॅल्शियमलाच पकडून ठेवतं आणि अहवालात आकडा शून्याजवळ येतो. निरोगी गाईचं एकूण कॅल्शियम ८.५ ते १० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, बसलेल्या गाईत बहुतेक वेळा ५.५ च्या खाली.

ड जीवनसत्त्वाच्या मोठ्या इंजेक्शनबद्दलही तुम्ही विचारलंय. एक कोटी युनिटचा डोस व्यायच्या दोन ते आठ दिवस आधी बसला तर काम करतो. पण व्यायची तारीख कोण इतकी नेमकी सांगणार? गाय व्यायला उशीर झाला तर परिणाम ओसरलेला असतो, पुन्हा दिला तर रक्तवाहिन्यांत चुना साचतो. वैरण आणि लघवीची पट्टी हाताशी असताना मी हा मार्ग सुचवणार नाही.

पाचव्या वेताला ही गाय पुन्हा बसण्याची शक्यता जास्त आहे, हे धरूनच चाला. तिची गाभण राहिल्याची तारीख लिहून ठेवा आणि मुरघास त्या हिशोबाने बाजूला काढा. व्याल्यावर पहिल्या धारेला वासराला पुरेल एवढा, तीन-चार लिटर चीक काढा, कास पूर्ण पिळू नका. क्षारमिश्रण त्याच दिवशी बंद करा, कारण दुभत्या गाईला ते चालत नाही. घास आणि नेपियर त्या दिवसापासून पुन्हा सुरू करायला हरकत नाही.